मेंदूतल्या पाण्याच्या वाहिनीचा अफूच्या व्यसनाशी काय संबंध? उंदरांवरच्या प्रयोगात नेमकं काय दिसलं?

ॲक्वापोरिन-४ हे प्रथिन म्हणजेच ही वाहिनी. ते मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट पेशींवर (चेतापेशींना आधार देणाऱ्या ताराकृती पेशींवर) असतं, त्यातही रक्तवाहिनीला बिलगलेल्या टोकांवर दाट. ते फक्त पाणी सोडतं. अफूतलं मॉर्फिन त्यातून जात नाही. मग संबंध कुठून आला? याच पेशींवर जीएलटी-१ नावाचा वाहक असतो. तो चेतासंधीत, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडावर, सांडलेलं ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन उचलतो.

रानात पाण्याला दारं धरणाऱ्याला हे लगेच कळेल: सरीत पाणी आलं आणि पुढचं दार फोडायला कुणी नाही, की वाफा तुंबतो. रोज मॉर्फिन दिलं की जीएलटी-१ घटतं आणि ग्लुटामेट असंच तुंबतं.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲक्वापोरिन-४ चं जनुक काढलेल्या उंदरांत ही घट कमी झाली. अवलंबित्व मोजायची रीत साधी आहे: काही दिवस मॉर्फिन टोचायचं, मग नॅलोक्सोन हे उलट काम करणारं औषध देऊन मॉर्फिनचा परिणाम एकदम तोडायचा आणि काचेच्या भांड्यात उंदीर किती उड्या मारतो ते मोजायचं. या उंदरांच्या उड्या कमी भरल्या.

इथंच गल्लत होते. उड्या म्हणजे शारीरिक अवलंबित्व, तलफ नव्हे. तलफेचा अंदाज घ्यायला दोन कप्प्यांची पेटी लागते: मॉर्फिन मिळालेल्या कप्प्यात उंदीर किती वेळ रेंगाळतो? शिवाय जनुक जन्मापासूनच नसेल तर मेंदू दुसरी सोय लावून घेतो, म्हणून हा निकाल थेट औषधाला जोडू नका.

घरात कुणाला गोळ्यांची सवय लागली असेल तर नांदेड-लातूरकडूनही १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक लावता येतो.