एकावर एक बोनस : पात्रघडणीच्या नियमांबद्दल प्रश्नोत्तरे

टेबलटॉप फँटसी खेळ (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र चालवायचं, असे खेळ) स्वतः रचणाऱ्या वाचकांची पत्रं वाढली आहेत आणि त्यांतला गोंधळ बहुतेक वेळा एकच असतो : पात्र घडवताना खेळाडूला काय, किती आणि कशाच्या बदल्यात द्यायचं? त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. खालचा हल्ल्याचा हिशेब २० बाजूंच्या फाशावरचा आहे. फासा अधिक बोनस यांची बेरीज लक्ष्यांकाइतकी किंवा जास्त आली की यश.

प्रश्न : पात्राचे मूळ गुण (ताकद, बुद्धी वगैरेंचे आकडे) फासे टाकून काढावेत की पॉइंट वाटून द्यावेत?

उत्तर : एका बैठकीत संपणारा खेळ असेल तर खुशाल फासे टाका. महिनोन्‌महिने चालणारी मोहीम असेल तर पॉइंट वाटा. सहा बाजूंचे तीन फासे टाकले तर सरासरी १०.५ येते, चार टाकून सगळ्यांत लहान वगळला तर १२.२४. पण एकाच टेबलावर एकाचा सर्वोच्च गुण १७ आणि दुसऱ्याचा १३ निघाला, तर ती तफावत मोहीम संपेपर्यंत दर फाशाला जाणवते.

पॉइंट वाटताना वरच्या पायऱ्या महाग ठेवा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीत २७ पॉइंट मिळतात. गुण ८ पासून सुरू होतो, १३ पर्यंत दर पायरीला १ पॉइंट लागतो आणि १४ व १५ साठी प्रत्येकी २. म्हणजे १५ गाठायला ९ पॉइंट. तीन गुण १५ केले की उरलेले तिन्ही ८ वरच राहतात. हे आकडे तसेच उचलू नका, ते सहा गुणांच्या खेळासाठी बसवलेले आहेत. तुमच्या गेम मास्टरबरोबर (खेळ चालवणाऱ्याबरोबर) बसून आधी चार नमुना पात्रं बनवा आणि मग आकडा ठरवा.

प्रश्न : सहाच गुण हवेत का?

उत्तर : नाही. ज्या गुणावर खेळात कधी फासाच पडत नाही, तो काढून टाका.

प्रश्न : पात्राने एखादा दोष घेतला तर सुरुवातीला जादा पॉइंट द्यावेत का?

उत्तर : देऊ नका. पाण्याची भीती असलेलं पात्र वाळवंटातल्या मोहिमेत गेलं की ते पॉइंट फुकटात गेले. खेळाडू हुशार असेल तर तो नेमका असाच दोष शोधतो, आणि नियमच त्याला तसं करायला शिकवत असतो. दोषामुळे खेळताना खरोखर अडचण झाली की त्याच क्षणी एक टोकन द्या, जे पुढे एखादा फासा पुन्हा टाकायला वापरता येईल. बैठकीला दोन टोकनं पुरे. आणि भय, व्यसन, मानसिक आजार असे दोष यादीत घालण्याआधी टेबलावरच्या प्रत्येकाला विचारा. ते न विचारता छापू नये.

प्रश्न : वंश, फीट (पात्रासाठी निवडलेली खास क्षमता), वस्तू, मंत्र यांचे छोटे छोटे +१ बोनस एकत्र मोजू दिले तर काय बिघडतं? +१ म्हणजे जेमतेम ५ टक्के.

उत्तर : हे ‘जेमतेम ५ टक्के’ दर महिन्याला कुणी ना कुणी लिहितंच. हा समज सोडा, कारण याच एका गोष्टीने सगळ्यांत जास्त खेळ बिघडतात.

शत्रूचा हल्ला +४ आहे असं धरा. जादूगाराचा बचाव १५, म्हणजे शत्रूचा लक्ष्यांक १५. शत्रूला ११ किंवा जास्त हवेत, म्हणजे ५० टक्के वार लागतात. जादूगाराला +१ दिला तर ४५ टक्के, म्हणजे लागणारे वार एक दशांशाने घटले. आता पहारेकऱ्याकडे बघा. चिलखतासह बचाव १८, वार लागण्याची शक्यता ३५ टक्के. ढालीने +२ दिले, २५ टक्के. फीटने +१, २० टक्के. दगडी कातडीच्या वंशाने +१, १५ टक्के. मंत्राने +१, १० टक्के. यानंतर अंगठीतून आणखी एक +१ आला की ५ टक्के, म्हणजे त्या एका +१ ने लागणारे वार निम्म्यावर आणले. जादूगाराला ज्या किमतीत एक दशांश फायदा, त्याच किमतीत याला अर्धा! साहजिकच ज्याच्याकडे बचाव आधीच जास्त आहे तोच आणखी बचाव विकत घेतो.

पुढचं नुकसान याहून मोठं. पहारेकऱ्याला काहीच लागत नाही म्हणून गेम मास्टर शत्रूचा हल्ला ५ ने वाढवतो. अंगठी न घेतलेल्या, बचाव २३ च्या पहारेकऱ्याला आता पुन्हा ३५ टक्के वार लागतात, पण जादूगाराला ७५ टक्के. त्याने काहीही न करता त्याला दीडपट मार बसू लागतो. मग तोही बचावाच्या मागे लागतो आणि सगळी पात्रं सारखी दिसू लागतात.

उपाय नियमांच्या पहिल्या पानावरच लिहावा लागतो. बोनसचे तीन प्रकार करा : वस्तू, मंत्र, परिस्थिती. एकाच प्रकारातले बोनस एकमेकांत मिळवायचे नाहीत, त्यांतला सर्वांत मोठा तेवढा धरायचा. फीट आणि वंश यांतून सरळ आकडा देऊच नका, नवी कृती करता येईल असं काहीतरी द्या : शेजारच्या साथीदारावरचा वार अंगावर घेणं, पडल्यावर लगेच उठणं. प्रत्येक बोनसपुढे त्याचा प्रकार छापा. एके ठिकाणी जरी राहिला तरी खेळाडूला नेमकी तीच फट सापडते.

‘दोनदा फासा टाकून मोठा घ्या म्हणजे +५’ असंही सर्रास सांगितलं जातं. ते फक्त मधोमध खरं आहे : ११ हवे असतील तर ५० चे ७५ टक्के होतात. १८ हवे असतील तर १५ चे २७.७५, म्हणजे जेमतेम अडीचचा फायदा. २० च हवे असतील तर ५ चे ९.७५. अशा दोन सवलती मिळाल्या तरी एकच धरायची, हेही लिहून ठेवा. तुमची बोनसची पूर्ण यादी संभाव्यतेचं गणित येणाऱ्या आणि तुमच्या टेबलावर न खेळणाऱ्या माणसाकडून एकदा तपासून घ्या.

प्रश्न : किमान १०० फीट नसतील तर खेळ कुणी घेत नाही असं ऐकलं. खरं का? आणि संतुलन तपासणारं सशुल्क सॉफ्टवेअर घ्यावं का?

उत्तर : कुणाकडून ऐकलं? १२ फीटच्या जोड्या ६६ होतात, ४० च्या ७८०, १०० च्या ४,९५०. प्रत्येक जोडी एकत्र घेतली तर काय होईल हे कुणीतरी पाहायला हवं. १२ ने सुरुवात करा. सॉफ्टवेअर वारांनी होणारं सरासरी नुकसान मोजतं. भिंतीवर चढता येणं किंवा खोटं ओळखता येणं याची किंमत त्याला लावता येत नाही, आणि त्या साध्या सरासरीसाठी स्प्रेडशीट पुरते. जादा पर्यायांचं पुढचं पुस्तक खपावं म्हणून मूळ पुस्तकातल्यापेक्षा ताकदवान फीट त्यात घालायचे, ही युक्ती तर मुळीच करू नका. ज्यांनी पहिलं पुस्तक विकत घेतलं, त्यांचीच पात्रं त्याने निकामी होतात.

प्रश्न : दोन वर्षं नियम लिहितो आहे. २०० पानं झाली. पूर्ण झाल्यावर प्लेटेस्ट (प्रत्यक्ष खेळून चाचणी) करीन.

उत्तर : याच आठवड्यात करा. १० पानं काढा : तीन क्लास (पात्रांचे पेशे), दोन वंश, १२ फीट, लेव्हल १ ते ३. तुमचा खेळ कधीच न पाहिलेल्या चौघांना द्या आणि गप्प बसा. पात्र बनवायला किती वेळ लागला आणि कोणत्या ओळीवर ते अडले ते टिपा. एकही शब्द समजावून सांगू नका, कारण पुस्तकाबरोबर तुम्ही जाणार नाही. तिघांनी तोच फीट घेतला तर तो जास्त ताकदवान आहे किंवा बाकीचे निरुपयोगी आहेत. कोणतं ते त्यांनाच विचारा.

प्रश्न : लोकप्रिय खेळाचे नियम माझ्या पुस्तकात वापरता येतील का?

उत्तर : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा एसआरडी ५.१ हा नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय ४.० परवान्याखाली खुला आहे. त्यात सांगितलेला श्रेयनिर्देश केला तर तो व्यावसायिक पुस्तकातही चालतो. पण मूळ पुस्तकांतलं सगळंच त्या संचात नाही, बरीच नावं आणि राक्षस बाहेर आहेत. ‘नियमांना कॉपीराइट नसतोच’ या ऐकीव वाक्यावर छपाईला जाऊ नका. नियमाची कल्पना आणि तो मांडणारे शब्द यांत कायदा फरक करतो. पैसे गुंतवण्याआधी बौद्धिक संपदेच्या वकिलाला मजकूर दाखवा.

प्रश्न : चुकून घेतलेला फीट नंतर बदलू द्यावा का?

उत्तर : हो. लेव्हल वाढताना एक, गेम मास्टरच्या संमतीने. तो फीट दुसऱ्या एखाद्याची पूर्वअट असेल तर आधी तो दुसरा सोडावा लागेल.