शहापूरचं जुनं घर घ्यावं, की अनगोळच्या घरावर मजला चढवावा?

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीतून नुकताच निवृत्त झालो. वय ६०. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि काही ठेवी मोडून हातात ४२ लाख आहेत. शहापुरात एक जुनं कौलारू घर ३८ लाखांना मिळतंय. १० लाखांत दुरुस्ती होईल, असं मेस्त्री म्हणतो. १२ लाखांचं कर्ज मुलाला सहकर्जदार करून काढायचं. दीड वर्षात घर ६० लाखांना जाईल, असं एजंट सांगतो. नाही गेलं तर चार खोल्या करून प्रत्येकी ६,००० रुपयांनी विद्यार्थ्यांना देऊ. बायकोचं म्हणणं, त्यापेक्षा आपल्या अनगोळच्या घरावरच मजला चढवा. मुलगा पुण्यात नोकरीला असतो. काय करावं?

उत्तर: तुमच्या हिशेबात ३८ अधिक १० म्हणजे ४८ लाख, विक्री ६० ला, नफा १२ लाख. हा हिशेब कागदावर नीट मांडला की तो १२ चा आकडा कसा वितळतो, ते आधी दाखवतो.

कर्नाटकात मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज धरून शहरी हद्दीत ५.६ टक्के. नोंदणी शुल्क पूर्वी १ टक्का होतं, ते ३१ ऑगस्ट २०२५ पासून २ टक्के झालं. एकूण ७.६ टक्के. ३८ लाखांवर हे झाले २ लाख ८९ हजार, आणि यातला एक रुपयाही घराच्या भिंतीला लागत नाही. एजंट आणि वकील मिळून पाऊण लाख धरा. दुरुस्तीचे १० लाख मी १३ धरतो. मेस्त्री खोटं बोलतो म्हणून नव्हे. कौलं उतरवल्याशिवाय वासे आणि रीपा किती किडल्यात ते त्यालाही दिसत नाही. शहापुरातल्या जुन्या ओळीतल्या घरांच्या भिंती मातीच्या, आणि बऱ्याचदा शेजाऱ्याशी सामायिक. एक भिंत खोलायला घेतली की शेजारचा दारात उभा राहतो, आणि त्याच्या बाजूचा गिलावाही तुमच्याच खर्चात होतो. घर तुम्ही मार्चमध्ये पाहिलंत, असं पत्रात आहे. बेळगावचं घर मार्चमध्ये पाहून घेऊ नये. जुलैच्या झडीत जाऊन भिंतीला तळापासून हात लावून बघा, ओल किती चढलीय ते कळेल. आजूबाजूला विचारून घ्या, नाल्याचं पाणी त्या गल्लीपर्यंत येतं का.

म्हणजे खरेदी, शुल्क, एजंट-वकील आणि दुरुस्ती मिळून ५४ लाख ६४ हजार झाले. १२ लाखांवर ९ टक्क्यांनी दीड वर्षाचं व्याज १ लाख ६० हजारांच्या आसपास. तुमचे ४२ आणि कर्जाचे १२ मिळून होतात ५४. घर विकायच्या आधीच सव्वादोन लाख कमी पडतात. विकताना एजंटचा एक टक्का, ६० हजार. सगळं वजा जाता ६० लाखांच्या विक्रीत हाती उरतात तीन लाखांच्या थोडे वर. तेही दीड वर्षातच गिऱ्हाईक आलं, आणि त्यानं एक लाखही कमी करायला लावले नाहीत तर.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख ठेवता येतात, सध्याचा दर ८.२ टक्के. दीड वर्षाचं व्याज ३ लाख ६९ हजार. पोस्टात एकदा जाऊन सह्या करायच्या, बस्स.

करामुळे मात्र तुमचं फारसं बिघडत नाही. २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या बाकीच्या उत्पन्नात मिळवला जातो, आणि नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. २४ महिन्यांनंतर विकलं तर १२.५ टक्के दराचा भांडवली नफा, आणि त्याला ही सवलत नाही. लोक उलटं समजतात. पण अशी खरेदी-विक्री वारंवार करायला लागलात तर आयकर खातं त्याला धंदा समजू शकतं, हेही लक्षात ठेवा.

पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: मालक १२ लाख ‘वरचे’, म्हणजे कागदावर न दाखवता रोख मागतो, खरेदीपत्र २६ लाखांचं. हे करू नका. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. तो मालकाचा प्रश्न म्हणून सोडून द्याल, पण उद्या ६० ला विकताना तुमची खरेदी कागदावर २६ चीच राहणार. नफा तीन लाखांचा, आणि कागदावर तो पंधरा लाखांचा दिसणार. तेव्हा मग कर नक्की लागेल.

आता भाड्याचं बघू. चार खोल्या, महिना २४,०००, वर्षाचे २ लाख ८८ हजार. विद्यार्थी परीक्षा झाली की गाशा गुंडाळतात, म्हणून मी दहा महिनेच धरतो: २ लाख ४० हजार. घरपट्टी, पाणी, मोटार, रंग, फुटलेला नळ यांचे ३८ हजार काढा. उरले २ लाख २ हजार, म्हणजे ५४ लाख ६४ हजारांवर ३.७ टक्के. महिन्याला साधारण १६,८००. दहा वर्षांच्या कर्जाचा हप्ता १५,२००. ४२ लाख घालून महिन्याला सोळाशेच्या आसपास सुटतात, आणि रात्री अकराला वरच्या खोलीतला दंगा ऐकून जायचं तुम्हीच. जागेची किंमत वाढेल हे खरं, शहापुरात ती वाढतेच. पण वाढलेली किंमत दवाखान्याचं बिल भरायला लगेच हाती येत नाही, आणि साठीनंतर मला पहिली काळजी तीच वाटते. शिवाय मुलगा सहकर्जदार झाला की हा हप्ता त्याच्या नावावर दिसणार. उद्या त्याला पुण्यात फ्लॅट घ्यायचा झाला तर बँक त्याला तेवढं कर्ज कमी देईल. त्याला हे सांगितलंय का?

कागदांचं तर अजून मी बोललोच नाही. तुमच्या पत्राप्रमाणे सिटी सर्व्हेचा उतारा अजून विकणाऱ्यांच्या आजोबांच्या नावे, विकणारे तीन भाऊ, आणि एक बहीण गडहिंग्लजला दिलेली. तिची सही किंवा नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र नसेल तर व्यवहार लंगडा आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. ‘ती काही मागणार नाही हो’ हे भावांचं वाक्य वकील मान्य करत नाही, तुम्हीही करू नका. आधी वारसा नोंद व्हायला हवी, मग ई-खाता (महापालिकेच्या दप्तरातली मालमत्तेची ऑनलाइन नोंद), कारण त्याशिवाय आता खरेदीची नोंदणी होत नाही. ईसी, म्हणजे घरावरचे बोजे आणि जुने व्यवहार दाखवणारा दाखला, नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून तुम्हालाच काढता येतो, किमान तीस वर्षांचा बघा. कागद कन्नडमध्ये असणार. ओळखीच्या माणसाच्या भरवशावर सही न करता वकिलाकडून ओळ न ओळ समजून घ्या.

वहिनींचं म्हणणं मला जास्त पटतं. अनगोळला जागा तुमची, म्हणजे मुद्रांक नाही, बहीण-भाऊ नाहीत, सामायिक भिंत नाही. ६५० चौरस फुटांना तुम्हाला २,००० रुपये फुटाचा दर सांगितलाय, म्हणजे १३ लाख. परवानगी, बाहेरचा जिना, वेगळा मीटर धरून साडेचौदा. तुमच्या गल्लीत तेवढ्या घराला ९,००० भाडं येतं, असं तुम्हीच लिहिलंय, आणि उद्यमबाग व जीआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज हाकेवर असल्यानं ते मला पटतं. अकरा महिने धरून किरकोळ खर्च काढला तर वर्षाला ९० हजार, म्हणजे सहा टक्क्यांच्या वर. शहापूरच्या जवळजवळ पावणेदोन पट, कारण जागेचे पैसे तुम्ही पूर्वीच भरून मोकळे झालात. विद्यार्थ्यांपेक्षा कुटुंब ठेवा, खालीच राहत असल्यानं लक्ष आपोआप राहतं.

उरलेल्या साडेसत्तावीस लाखांतले २२ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले तर महिन्याला सरासरी १५,००० (मिळतात तीन महिन्यांनी एकदम). भाडं धरून साडेबावीस हजार, कर्ज शून्य, मुलगा मोकळा. साडेपाच लाख बँकेत तसेच राहू द्या.

एक अट मात्र आहे. तुमचं खालचं घर पंचवीस वर्षांपूर्वीचं. पिलर घातलेत की नुसत्या चिऱ्याच्या भिंतींवर स्लॅब आहे, हे पत्रात नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, पाया दाखवा, आणि महानगरपालिकेची परवानगी हातात आल्याशिवाय सळी मागवू नका. त्यानं नाही म्हटलं तर मजला विसरा आणि ३० लाख पोस्टात ठेवा. शहापूरच्या एजंटला इसार दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर पावती आणि करार मला पाठवा, परत कसा मागायचा ते बघू.