पावसाळ्यात अमोनियाचे डिटेक्टर उगाच वाजतात, अलार्मची पातळी वाढवावी का?

तुम्ही विचारलंय की कुंकळ्ळीतल्या तुमच्या मासळीच्या, अमोनियावर थंड होणाऱ्या कोल्ड स्टोरेजमध्ये पाऊस लागला की डिटेक्टर अधूनमधून वाजतात आणि कंत्राटदार म्हणतो, 25 पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग अमोनिया) अलार्म 50 वर नेऊ. नेऊ नका. 25 ही आठ तासांच्या पाळीसाठी धरलेली मर्यादा आहे, आणि 300 ला जिवावर बेततं.

गोव्यातल्या वेर्णा-कुंडई पट्ट्यात मी हीच कामं करतो. पावसाळ्यातला दोष बहुतेक वेळा सेलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या गॅस ओळखणाऱ्या भागात, नसतो, केबलमध्ये असतो. केबल वरून ग्लँडमध्ये (डब्यात केबल शिरते ते तोंड) शिरत असेल तर पाणी तिच्यावरूनच ओघळत आत येतं. झाकण उघडलं की टर्मिनलवर हिरवट गंज दिसेल. खाऱ्या वाऱ्याची कृपा. केबल खालून घ्या आणि शिरण्याआधी तिला झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच टपकेल.

मग आठवडाभर अलार्मच्या वेळा लिहून काढा. फरशी धुतात तेव्हाच वाजतो का? टाकाऊ मासळीचे क्रेट शेजारी ठेवले की वाजतो का? कुजत्या मासळीतून अमोनिया सुटतोच. तेव्हा डिटेक्टर खरं बोलतोय, क्रेट हलवा.

मला खरी काळजी वाटते ती कधीच न वाजणाऱ्या डिटेक्टरची. एका बर्फाच्या कारखान्यात हिरवा दिवा, पडद्यावर शून्य, मालक खूश. शिडीवर चढून पाहिलं तर सेन्सरच्या तोंडावर दुधाची पिशवी, रबरबँड लावून. धुताना पाणी जाऊ नये म्हणून बांधलेली, सोडायची राहून गेली. पॅनेलला यातलं काही कळत नाही. वायर तुटली तर सेन्सरचा सिग्नल 4 मिलीअँपियरच्या खाली जाऊन फॉल्ट येतो. पण मेलेला सेलही 4 च देतो, म्हणजे शून्य पीपीएम. हे सेल साधारण दोनेक वर्षं टिकतात.

म्हणून दर महिन्याला सेन्सरवर चाचणीचा गॅस सोडून बघा. त्या गॅसच्या बाटलीची मुदत तपासा आणि नळी आखूड ठेवा. अमोनिया नळीच्या भिंतीला चिकटतो, आकडा सावकाश चढतो. त्याऐवजी लिकर अमोनियाची (पाण्यात विरघळलेला अमोनिया) बाटली सेन्सरच्या तोंडाशी धरायची सवय काहींना असते. त्याने सेल गुदमरतो, आयुष्य घटतं.

उंचीबद्दल: अमोनिया हवेपेक्षा हलका, म्हणून सेन्सर छताजवळ, हे बरोबर. पण द्रव गळला तर थंड धुकं होऊन जमिनीलगत पसरतं, आणि दमट हवेत जास्तच. कंप्रेसर रूममध्ये पंपापाशी एक खाली लावाच.

चाचणीआधी कामगारांना सांगा, नाहीतर पळापळ होते. अलार्मवर कंप्रेसर आपोआप बंद करणारा ट्रिप चाचणीपुरता चावीने बायपास केलात तर लगेच पूर्ववत करा. मी एकदा ती चावी खिशात घालून घरी गेलो आणि भर पावसात रात्री अकराला कुंडईला परत आलो.