आधी खासरा, मग इसार, घर सगळ्यात शेवटी

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेचा सेवानिवृत्त मुख्याध्यापक, वय ६१. अंबाजोगाईत स्वतःचं घर आहे. आम्ही बारा जुने सहकारी मिळून छत्रपती संभाजीनगरात देवळाईच्या बाजूला १४ गुंठे जागा घेतोय. बिल्डर नको, आपणच बारा छोटी घरं, एक सामायिक स्वयंपाकघर आणि आजाऱ्याच्या सोबतीसाठी खोली बांधायची. प्रत्येकी ४३ लाख: जमीन १६, घराचं बांधकाम २२.५, सामायिक बांधकाम ४.५. राहत्या घराला ३५ लाखांचं गिऱ्हाईक आहे. ते लगेच विकू का? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीन वर्षांपूर्वी ठेवलेले ३० लाख मोडू का? शिवाय २० लाखांची एफडी आहे.

सर, नमस्कार. यात उतरायला माझी हरकत नाही. पण घर आधी विकायचं आणि जमिनीचे कागद मागाहून बघायचे, हा क्रम उलटा आहे.

आधी ४३ लाखांचं बघू. २२.५ लाख म्हणजे ९०० चौरस फूट, अडीच हजारांच्या भावाने. मालासकट काम घेणारा कंत्राटदार त्यावर १८ टक्के जीएसटी लावणार. सामायिक बांधकाम धरून २७ लाखांवर हा कर जवळपास ५ लाख होतो, आणि तुमच्या हिशेबात तो कुठेच नाही. मुद्रांक शुल्काचा तुमचा वाटा लाखाच्या घरात. वाढीव खर्चाला ३ लाख ठेवा. ५२ लाख धरूनच चाला.

हे ५२ लाख बचत योजनेला हात न लावता उभे राहतात. एफडीतले १७ लाख जमिनीला, घराचे ३५ बांधकामाला, उरलेले ३ लाख दवाखान्यासाठी. बचत योजना मोडलीत तर दंड फक्त १ टक्का, ३० हजार. खरं नुकसान पुढे आहे: ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे ६१,५०० रुपये बंद होतील. महागाई भत्ता पेन्शनीला मिळतो, ठेवीला नाही, हे खरं. तरी मॅडमच्या औषधपाण्याला तुमच्याकडे दुसरं काय आहे?

आता घर. राहतं घर विकून नवं बांधलं तर भांडवली नफ्यावरचा कर वाचतो. पण विक्रीपासून तीन वर्षांत नवं घर बांधून व्हायला हवं. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेला पैसा बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावा लागतो. थोडक्यात, खरेदीखतावर सही केली की घड्याळ सुरू. आणि बारा जणांच्या कामाला किती वेळ लागतो? लंडनमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या बायकांनी अशीच वसाहत उभी केली, हाय बार्नेट भागात, २५ घरांची. चर्चा सुरू झाली १९९८ ला, राहायला गेल्या २०१६ ला. तुम्हाला अठरा वर्षं लागणार नाहीत हो, पण तीनची चार सहज होतील. म्हणून बांधकाम परवानगी हातात आणि कंत्राटदाराशी करार झाल्यावरच घर विका. मग वर्ष-दीड वर्षाचं भाडं पेन्शनीतून निघेल.

जमिनीबद्दल मात्र मी हट्टाने बोलणार. आपल्याकडे निजामकाळापासूनच्या इनाम जमिनी आहेत, खिदमतमाश (धार्मिक स्थळाच्या सेवेसाठी दिलेल्या), मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेल्या). आजचा सातबारा कोरा दिसतो आणि जुन्या नोंदीत भलतंच निघतं. वकिलाला १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापासूनचे (तेव्हा जमीन कुणाकडे होती, याची जुनी नोंद) फेरफार काढायला सांगा. जमीन वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का, अकृषिक आदेश आहे का, की नुसती गुंठेवारी (मंजूर आराखड्याशिवाय पाडलेले तुकडे) आहे, हे लेखी घ्या. त्याआधी इसाराचा एक रुपयाही द्यायचा नाही.

“सध्या तिघांच्या नावावर घेऊ, सोसायटी मग करू” असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. माझ्याकडे आलेल्या एका गटात हेच झालं. तिघांतले एक वारले, वारसांना गटाशी देणंघेणं नव्हतं, आणि बाकीचे चार वर्षं तहसीलच्या पायऱ्या चढत होते. आधी सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवा, पैसे तिच्याच खात्यात, जमीन तिच्याच नावावर. जागा ५०० चौरस मीटरच्या वर आणि घरं आठाहून जास्त, त्यामुळे महारेराचाही, म्हणजे घरबांधणी प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचाही, प्रश्न येतो. सभासदांसाठी बांधणारी संस्थाही त्या कायद्यात प्रवर्तक, म्हणजे बिल्डरसारखीच, धरली जाते.

बाहेर पडायचं कसं, हे आत्ताच ठरवा, मैत्री शाबूत आहे तोवर. घर सोडायचं झालं तर आधी संस्थेला विचारायचं का, किंमत कोण ठरवणार, पैसे किती महिन्यांत? पुण्यातल्या मुलीला हे घर वारशाने आलं तर तिने त्याचं काय करायचं? नॉमिनी लावून भागत नाही, मृत्युपत्र करा.

पाण्याचं तुम्ही जाणताच: जायकवाडी उशाला आणि टँकर दाराला. महिन्याच्या देखभालीत टँकर धरा.

खासऱ्याची नक्कल मिळाली की मला पाठवा. तोवर अंबाजोगाईच्या गिऱ्हाईकाला “दिवाळीनंतर बघू” म्हणा.