घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावताना शिस्त कशी आणावी?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं रेस खेळताय, घोड्यांची बऱ्यापैकी जाण आली आहे, अधूनमधून मोठा डावही लागतो, पण वर्षाअखेरीला पैसे गेलेलेच दिसतात. मी या वाटेवर बराच काळ काढला आहे, म्हणून मला जे खरंच उपयोगी पडलं तेवढंच सांगतो.

आधी एक विचारतो. पैसे गेल्याचं तुम्हाला आठवणीतून कळलं की वहीतून? रेसच्या बाबतीत आठवण फार दगा देते. जिंकलेला घोडा जॉकीच्या शर्टाच्या रंगासकट लक्षात राहतो, हरलेली तिकिटं मात्र डोक्यातून निघून जातात. मी पहिली वही घातली तेव्हा माझी ठाम समजूत होती की आपण साधारण बरोबरीत आहोत. तीन महिन्यांनी बेरीज मारली, तर लावलेल्या पैशांतला जवळपास पाचवा हिस्सा गेला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कारण समजलं. टोटमध्ये, म्हणजे सगळ्यांचे डाव एकत्र जमा होतात त्या व्यवस्थेत, जमलेल्या रकमेतून आयोजकांचा वाटा आणि कर आधीच कापून घेतात, आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. जोसेफ ओलर यांनी 1867 मध्ये पॅरिसमध्ये ही पद्धत काढली तेव्हापासून तत्त्व तेच आहे. ही कपात बऱ्याच ठिकाणी 15 ते 25 टक्क्यांच्या घरात असते. बुकी तीच कपात भावात लपवतो: सगळ्या घोड्यांचे भाव टक्क्यांत मांडून बेरीज करा, ती शंभराच्या वर जाते. म्हणजे मी साधारण कपातीइतकाच हरत होतो. ज्याला मी माझी जाण म्हणत होतो ती गर्दीपेक्षा तसूभरही वरचढ नव्हती.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली, आणि माझ्या मते सगळी शिस्त तिथूनच सुरू होते: भाव बघण्याआधी स्वतःचा भाव काढायचा. रेसकार्ड, म्हणजे त्या दिवसाच्या रेस आणि घोड्यांचा छापील तक्ता, समोर ठेवतो आणि भाव दिसत असतील तर त्यावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवतो. नऊ घोडे असतील तर प्रत्येकापुढे जिंकण्याची शक्यता टक्क्यांत लिहितो, आणि नऊ आकड्यांची बेरीज शंभरच आली पाहिजे. पहिल्यांदा केलं तेव्हा माझी बेरीज एकशे साठच्या पुढे गेली होती. आवडलेल्या प्रत्येक घोड्याला मी हात सैल सोडून टक्के वाटले होते. एकाला द्यायचे तर दुसऱ्याचे काढावे लागतात, हे कागदावर उतरल्याशिवाय उमगत नाही.

हे आकडे काढताना नुसता नंबर बघू नका. मागच्या रेसमध्ये सहावा आलेला घोडा खरोखर कसा पळाला, ते बघा. एकदा एका घोडीची रेस मी चार वेळा बघितली. वळणावर ती आतल्या रेलिंगला अडकली होती, पुढे दोन घोड्यांची भिंत. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये वाट मिळाली तेव्हा ती सगळ्यांत वेगाने येत होती आणि तीन लेंग्थने (म्हणजे तीन घोड्यांच्या लांबीने) हरली. कार्डावर फक्त सहा हा आकडा छापला गेला. असे तपशील गर्दीच्या नजरेतून सुटतात, आणि भाव तिथेच चांगला मिळतो. त्याबरोबर अंतर, जमीन कोरडी की ओली, हँडिकॅपमध्ये (म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात त्या रेसमध्ये) वजन किती वाढलं, हेही बघावं लागतं.

मग पुठ्ठा काढायचा. 4 ला 1 भाव म्हणजे एक रुपया लावला तर जिंकल्यावर चार रुपये नफा, म्हणजे पाचात एक शक्यता, 20 टक्के. तुमचा आकडा 25 असेल तर डाव लावण्यासारखा वाटेल. इथे मात्र थांबा. हाँगकाँगमध्ये संगणकाच्या मदतीने रेसमधून प्रचंड पैसा कमावलेल्या बिल बेंटर यांनी 1994 मध्ये आपली पद्धत लिहून काढली. स्वतःचं गणित एकटं वापरण्यापेक्षा ते बाजारातल्या भावाशी मिसळल्यावरच उत्तर नेमकं येतं, हा त्यातला गाभा. गर्दीला तुम्हाला ठाऊक नसलेलंही काही ठाऊक असतं. म्हणून मी माझा आकडा भावाच्या दिशेने निम्मा ओढतो, आणि तरीही फायदा उरला तरच पैसे लावतो. बहुतेक रेसमध्ये उरत नाही. त्या रेस मी फक्त बघतो.

किती लावायचे, यासाठी बेल लॅब्जमधले संशोधक जॉन केली यांचं 1956 चं सूत्र आहे. वरच्या उदाहरणात ते भांडवलाच्या सव्वासहा टक्के लावायला सांगतं. पण तुमचा 25 चा अंदाज चुकून खरी शक्यता 20 असेल, तर तोच डाव शून्य फायद्याचा होतो. आपले अंदाज चुकतातच, म्हणून मी सूत्राच्या पाव हिश्श्याच्या वर जात नाही. वर मर्यादा म्हणून भांडवलाचे दोन टक्के. आणि हे भांडवल म्हणजे पूर्ण गेलं तरी घरातलं कुठलंच काम अडणार नाही अशी वेगळी काढलेली रक्कम. उसने पैसे त्यात येत नाहीत.

सलग हरण्याची तयारी ठेवा. पाचातला एक डाव जिंकणारा माणूस दोनशे डावांत बहुधा एकदा तरी सलग पंधरा-सोळा वेळा हरेल, हे साधं गणित आहे. त्या वेळी पद्धत मोडली असं वाटतं आणि रक्कम दुप्पट करावीशी वाटते. माझी सगळ्यांत वाईट चूक अशीच झाली. दिवसभर हरलो होतो आणि शेवटच्या रेसला, न अभ्यासलेल्या घोड्यावर, केवळ गेलेलं भरून निघेल एवढा भाव होता म्हणून पैसे लावले. आता दिवसाचे डाव सकाळीच वहीत उतरतात, आणि वहीत नसलेल्या घोड्यावर काहीही लागत नाही. गेलेले पैसे भरून काढण्याची ओढ तुम्हाला आवरतच नसेल, तर मनापासून सांगतो, रेस पूर्ण बंद करा आणि जवळच्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोला. वही त्यावर इलाज नाही.

सुरुवात कागदावर करा, पैसे न लावता. वहीत घोडा, तुमचा आकडा, डाव ठरवताना दिसलेला भाव, घोडे सुटतानाचा भाव, निकाल, आणि एका ओळीत कारण. निकालावर मात्र लगेच भिस्त ठेवू नका. 4 ला 1 च्या भावाचे दोनशे सारखे डाव धरले, तर नुसत्या नशिबाने अठ्ठावीस डावांएवढा नफा किंवा तोटा सहज होतो. त्याआधी बोलतो तो सुटतानाच्या भावाचा रकाना. तुम्ही 6 ला 1 वर निवडलेले घोडे सुटताना वारंवार 4 ला 1 वर येत असतील, तर तुम्ही बाजाराच्या आधी काहीतरी बघताय. आणि ते वारंवार 8 ला 1 वर जात असतील, तर खरे पैसे लावायची वेळ अजून आलेली नाही.