वेलीला ताण दिला की वाइन चांगली होते, मग माणसाचंही तसंच का?

तुम्ही विचारलंय की द्राक्षवेलीला जितका त्रास तितकी वाइन भारी असं म्हणतात, मग माणूसही हाल सोसूनच घडतो का. मी वाइनची द्राक्षं लावतो, म्हणून आधी वेलीचं सांगतो.

ताण देतात हे अगदी खरं. मणी धरल्यापासून त्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरू लागेपर्यंत, ठिबक कमी करायचं, मग शेंडा चालायचा थांबतो, मणी बारीक राहतो, आणि काळ्या द्राक्षात रंग बहुतेक सालीतच असतो, तुरटपणा देणारं टॅनिनही साल आणि बीत असतं, त्यामुळे गराच्या मानाने साल जास्त झाली की वाइन दाट होते. पाणी आणि नत्र भरपूर मिळालेली वेल नुसती पानं काढत बसते, घड सावलीत राहतात, रस पाणचट. जर्मनीतलं मोझेल, स्पेनमधलं प्रियोरात हे वाइनचे प्रदेश बघा, दोन्हीकडे पाटीच्या दगडाचे उभे उतार, पण नाव किती मोठं!

पण हाच ताण फुलोऱ्यात पडला तर मणी नीट धरत नाहीत, आणि नवीन लावलेलं रोप तर मरूही शकतं. एका वर्षी मी ऐकीव गोष्टीवर विसंबून पाणी पार तोडलं होतं. पानांनी हवा आत घ्यायची बारीक छिद्रं मिटली की साखर बनायची थांबते हे तेव्हा कळलं, खालची पानं पिवळी होऊन गळाली, मणी सुरकुतले, एक चावून बघितला तर बी अजून हिरवी नि कडू. वेलीचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं.

आणि फिलॉक्सेरा घ्या, मुळांवर जगणारी बारीक कीड. 1860 च्या दशकात ती फ्रान्समध्ये पसरली तेव्हा तिथल्या जुन्या वेली काही कणखर झाल्या नाहीत, मेल्या. अमेरिकन खुंटावर कलमं बांधली तेव्हा बागा पुन्हा उभ्या राहिल्या, म्हणजे दुसऱ्याच्या मुळावर.

म्हणून "हाल सोसले म्हणून घडला" असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. माझे वडील गेले तेव्हा मी 16 वर्षांचा होतो. लोक अजून म्हणतात, संकटाने पोरगा शहाणा झाला. मामा दर रविवारी यायचा, घरात काय संपलंय ते न विचारता बघायचा, माझी फी भरायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा, हे त्यांनी कुठे बघितलंय.