पैसे महागड्या डिस्कचे, गाडीला भलतीच डिस्क

प्रश्न : मी निपाणीत राहतो, संकेश्वरला माझे छोटे दुकान आहे. रोज तवंदी घाटातून ये-जा. चार महिन्यांपूर्वी कोल्हापुरातल्या एका गॅरेजमध्ये गाडीच्या पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या, ब्रेक ज्यांना आवळतो त्या चकत्या) बदलल्या. मालकाने दोन भाव सांगितले : लोकल जोडी ४,२०० रुपये, कोटिंगवाली नामांकित कंपनीची ९,६००. घाट आहे म्हणून महागडी घेतली. तिसऱ्याच आठवड्यात ब्रेक दाबला की पेडल आणि स्टिअरिंग थरथरू लागले. निपाणीच्या मिस्त्रीने चाक काढले तर डिस्कवर त्या कंपनीचे नावच नाही. विसाव्या दिवशी मी व्हॉट्सअॅपवर कळवले, तर उत्तर आले, ‘लावलेला माल परत नाही.’ पक्के बिल नाही. यूपीआयने भरलेले पैसे आणि हे मेसेज आहेत. पुरावा राहावा म्हणून गाडीला लावलेल्या त्या डिस्क अजून तशाच ठेवल्यात. कर्नाटकातल्या माणसाने महाराष्ट्रातल्या गॅरेजवर केस कुठे करायची? आणि आता स्वस्त डिस्क लावली तर विमा जातो का?

उत्तर : ‘डिस्क अजून तशाच ठेवल्यात’ हे वाचून मी दचकलो. ब्रेकमध्ये दोष आहे हे माहीत असताना गाडी रस्त्यावर आणणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा आहे. उद्या घाटात काही झाले तर हेच व्हॉट्सअॅप मेसेज तुमच्यावर उलटतील, कारण तुम्हाला दोष ठाऊक होता हे त्यांतूनच सिद्ध होईल. पुरावा गाडीला लावूनच जपावा लागतो असे नाही. डिस्क उतरवा, फक्त रीतीने उतरवा.

गॅरेजवाल्याला स्पीड पोस्टाने दोन ओळींचे पत्र पाठवा : अमुक तारखेला, अमुक ठिकाणी डिस्क उतरवणार आहे, हजर राहायचे असल्यास यावे. तो आला तर उत्तम, नाही आला तर ती नोंदच तुमच्या कामाची. त्या दिवशी जाणत्या मेकॅनिककडून डिस्कची जाडी आठ-दहा ठिकाणी मायक्रोमीटरने मोजून घ्या. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याचाही फोटो काढा. लोक ‘डिस्क वाकली’ म्हणतात, पण बहुतेक वेळा मिलिमीटरच्या काही शतांशांचा जाडीतला फरक पेडल थरथरवायला पुरतो. समोरचा वकील म्हणणार, नट वेडेवाकडे आवळले, हबवरचा (चाक आणि डिस्क बसतात त्या भागावरचा) गंज साफ केला नव्हता, तापलेल्या डिस्कवर पाणी मारले. म्हणून हबची अवस्था आणि ब्रेक पॅडची झीज मेकॅनिकच्या लेखी अहवालात हवीच. आणि कुणी ‘लेथवर एक हात मारून देतो’ म्हटले तर साफ नको म्हणा. घासलेली डिस्क पुरावा म्हणून संपली.

तुमची खरी बाजू मात्र थरथरीपेक्षा भक्कम आहे. डिस्क स्वस्त असणे हा दोष नव्हे. ४,२०० वाली जोडी सांगून विकली असती तर तक्रारीला फारसा जीव नव्हता. इथे सांगितले एक आणि लावले दुसरे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे मालाच्या दर्जाबद्दल खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा त्यातच येते. बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणेही त्यातच. तुम्ही विसाव्या दिवशी कळवले, हे फार चांगले केले. तो फोन फॉरमॅट करू नका, बदलूही नका; स्क्रीनशॉटपेक्षा मूळ मेसेजला वजन असते. मालाची तपासणी प्रयोगशाळेत व्हावी असे ग्राहक तक्रार आयोगाला वाटले तर कलम ३८ खाली ती होते, पण तिची फी आधी तुम्हालाच भरावी लागू शकते.

आता सीमेचा प्रश्न. १९८६ च्या जुन्या कायद्यात व्यवहार कोल्हापुरात झाला की खेटे कोल्हापूरलाच घालावे लागत. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलम ३४ ने ग्राहकाच्या राहत्या जागी तक्रार करायची मुभा दिली. म्हणजे बेळगावचा जिल्हा आयोग तुम्हाला खुला आहे आणि कोल्हापूरचाही. तरी मी तुमच्या जागी असतो तर कोल्हापूरच निवडले असते. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. शिवाय बेळगावात कामकाज कन्नड-इंग्रजीत, तिथे मराठी मेसेजची भाषांतरे करून द्यावी लागतील. हक्क म्हणून बेळगाव, सोय म्हणून कोल्हापूर! आपल्या भागात असे उलटे नेहमीच होते.

पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण वाट बघू नका. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. कित्येक गॅरेजवाले एवढ्यावरच नरमतात. मागणी मात्र माफक ठेवा : डिस्कचे पैसे, नव्या फिटिंगची मजुरी, मनस्ताप आणि खर्चापोटी काही हजार. लाखाचा आकडा टाकलात तर खऱ्या तक्रारीचाही रंग उडतो.

विम्याची भीती सोडा. मापाची, तुमच्याच मॉडेलची डिस्क लावणे म्हणजे गाडीत फेरफार नव्हे. ती कोणत्या कंपनीची एवढ्यावरून पॉलिसी जात नाही. पॉलिसीतली अट गाडी सुस्थितीत ठेवण्याची असते, आणि ती तुम्ही आज मोडताय. नवी जोडी कोणती घ्यावी हे तुमचा मिस्त्री माझ्याहून चांगले सांगेल. कच्च्या चिठ्ठीवरच्या महागड्या मालापेक्षा जीएसटी बिलावरची ओळखीच्या कंपनीची साधी डिस्क मला वकील म्हणून बरी वाटते. बिलावर कंपनीचे नाव आणि पार्ट नंबर लिहून घ्या, आणि डिस्कचे खोके दुकानातच उघडून नंबर जुळवा. नवे पॅडही त्याच वेळी टाका.

उतरवलेल्या दोन्ही डिस्क तेल न लावता गोणपाटात बांधा, वर तारीख आणि मेकॅनिकची सही घ्या आणि घरातल्या कोरड्या कोपऱ्यात ठेवा. भंगारवाला दारात आला तर घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.